अपोलोचा कॉम्प्युटर खरंच असेंब्लीत लिहिला होता का?

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचे हे प्रश्न: ‘गणिताची सूत्रं लिहायची फोर्ट्रान ही भाषा १९५७ पासून होती. मग अपोलोचा कॉम्प्युटर असेंब्लीत का लिहिला? एका स्वल्पविरामाच्या चुकीने अमेरिकेचं यान पडलं, ते फोर्ट्रानमुळेच ना? आणि तो कोड आज वाचायचा असेल तर सुरुवात कुठून करू?’

आधी माझ्याबद्दल एवढंच सांगतो, की माझं सगळं काम गाड्यांच्या इंजिन कंट्रोलरवरचं. अवकाशयानाला कधी हात लावलेला नाही. पण मेमरी तुटपुंजी, फ्लोटिंग पॉइंट (दशांश चिन्ह सरकतं ठेवणारं गणित) नाही आणि ठरलेल्या मिलिसेकंदात उत्तर हवंच, ही दुखणी आमचीही तीच. म्हणून अपोलोच्या लिस्टिंग्ज (कोडच्या छापील प्रती) मी बरीच वर्षं वाचत आलोय.

‘अपोलो असेंब्लीत लिहिलं’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. ते चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. त्या कॉम्प्युटरवर दोन भाषा एकाच वेळी चालत होत्या. असेंब्ली, म्हणजे मशीनच्या सूचना एकेक करून लिहायची भाषा, ही एक. दुसरी होती इंटरप्रिटरवर (सूचना एकेक वाचून लगेच अमलात आणणाऱ्या प्रोग्रामवर) चालणारी, व्हेक्टर आणि मॅट्रिक्स यांचं गणित करणारी, त्या काळाच्या मानाने बरीच वरच्या पातळीची भाषा. यानाची कक्षा काढणं, इंजिन कधी नि किती वेळ पेटवायचं हे ठरवणं, हे जड गणित बहुतेक त्या दुसऱ्या भाषेत आहे. आणि ती निवडली ती प्रोग्रामरच्या सोयीपेक्षा मेमरी वाचावी म्हणून. वेग कमी झाला तरी चालेल, पण जागा वाचली पाहिजे, असा तो हिशोब होता.

आता ते मशीन पाहू. अपोलो गाइडन्स कॉम्प्युटर, म्हणजे एजीसी, एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीने डिझाइन केला आणि रेथिऑन कंपनीने बनवला. चंद्रावर गेलेल्या आवृत्तीत कायमची मेमरी ३६,८६४ वर्ड आणि लिहिता-पुसता येणारी फक्त २,०४८ वर्ड. वर्ड म्हणजे मेमरीतला एक कप्पा, १५ बिटांचा, वर चूक पकडायला एक पॅरिटी बिट. मेमरीचं एक आवर्तन ११.७ मायक्रोसेकंदांचं, साधी बेरीज दोन आवर्तनांत. कायमची मेमरी म्हणजे कोअर रोप: चुंबकीय कड्यांतून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या कारखान्यात बायका या तारा हाताने ओवत. याचा अर्थ प्रोग्राम ‘रिलीज’ झाला की तो कारखान्यात जायचा आणि त्यानंतर एक बिटही बदलायचा म्हणजे मॉड्यूल नवं ओवून घ्यायचं. उड्डाणाच्या कित्येक आठवडे आधी कोड गोठवावा लागे. मेमरी आणखी लावू म्हणायची सोय नव्हती.

त्याची असेंब्ली मजेशीर आहे. सूचनेच्या १५ बिटांपैकी १२ बिट पत्त्याला गेले, उरले ३. तीन बिटांत सूचना बसतात आठ. आठ सूचनांत चंद्र गाठायचा म्हणजे अवघडच, म्हणून ‘एक्स्टेंड’ नावाची सूचना काढली. ती मुळात ‘सहा नंबरच्या पत्त्यावर उडी मार’ अशी आहे. तिथे मेमरी बँक निवडायचं रजिस्टर आहे, तिथे उडी मारण्यात अर्थ नाही. म्हणून सर्किटने तिचा अर्थ लावायचा: ‘पुढची सूचना दुसऱ्या तक्त्यातून वाच.’ शिवाय १२ बिटांत पत्ते मावतात ४,०९६ आणि मेमरी त्याच्या नऊपट. त्यामुळे मेमरीच्या बँका पाडल्या आणि एका बँकेतून दुसरीत जाताना दर वेळी रजिस्टर बदलायची कटकट प्रोग्रामरच्या गळ्यात पडली.

मला यातली सगळ्यात आवडती सूचना म्हणजे ‘सीसीएस’. हे मशीन वन्स कॉम्प्लिमेंट पद्धतीचं, म्हणजे त्यात शून्यं दोन: धन शून्य आणि ऋण शून्य. सीसीएस एखादी संख्या उचलते, तिचं केवल मूल्य (चिन्ह सोडून उरलेली किंमत) एकने कमी करून ॲक्युम्युलेटर या मुख्य रजिस्टरमध्ये ठेवते आणि त्याच दमात पुढच्या चारपैकी एका सूचनेवर जाते: संख्या धन असेल तर पहिल्या, धन शून्य असेल तर दुसऱ्या, ऋण असेल तर तिसऱ्या, ऋण शून्य असेल तर चौथ्या. एका वर्डात काउंटर कमी करणं, तुलना आणि चार वाटांचा फाटा! आजच्या कोड रिव्ह्यूमध्ये असं काही दिसलं तर मी लिहिणाऱ्याला बोलावून घेईन. पण तिथे वर्ड मोजूनच मिळत होते.

या असेंब्लीचा असेंब्लर, म्हणजे ती मशीनच्या बिटांत उतरवणारा प्रोग्राम, ‘यूल’ नावाचा, ह्यू ब्लेअर-स्मिथ यांनी लिहिलेला. नाव ख्रिसमसवरून पडलं, कारण लॅबच्या एका आधीच्या प्रायोगिक कॉम्प्युटरला सगळे ‘ख्रिसमस कॉम्प्युटर’ म्हणत. यूल चालायचा हनीवेलच्या मोठ्या मशीनवर. पुढे आयबीएम ३६० आल्यावर ‘गॅप’ नावाचा असेंब्लर आला. म्हणजे कोड मोठ्या मशीनवर असेंबल करायचा आणि चालवायचा छोट्यावर, आम्ही आजही करतो तसंच.

आता दुसरी भाषा. तिची कल्पना हाल लॅनिंग यांची. हा माणूस मोठा, पण नाव फार थोड्यांच्या तोंडी. १९५४ मध्ये त्यांनी आणि नील झिअर्लर यांनी एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ मशीनवर बीजगणिताची सूत्रं जशीच्या तशी वाचणारा प्रोग्राम चालवून दाखवला होता, फोर्ट्रान बाजारात येण्याच्या तीन वर्षं आधी. तेव्हा वरच्या पातळीच्या भाषा एमआयटीवाल्यांना ठाऊक नव्हत्या म्हणून असेंब्ली वापरली, हे म्हणणं टिकत नाही. त्यांच्याकडे लॅनिंग यांचीच ‘मॅक’ नावाची बीजगणिती भाषा होती आणि जमिनीवरची गणितं ते तिच्यात करत.

मग फोर्ट्रान किंवा मॅक यानात का नाही? कंपायलर (वरच्या पातळीच्या भाषेतून मशीनच्या सूचना तयार करणारा प्रोग्राम) मोठ्या मशीनवर चालवून तयार कोड रोपमध्ये ओवता आला असता, त्यात अडचण नव्हती. अडचण तयार होणाऱ्या कोडच्या आकाराची. एजीसीत फ्लोटिंग पॉइंट नव्हता आणि १५ बिटांची अचूकता चंद्राच्या प्रवासाला अगदीच अपुरी. म्हणून बहुतेक संख्या दोन वर्डांच्या, आणि दोन वर्डांच्या गुणाकाराची सूचना हार्डवेअरमध्ये नाही. प्रत्येक गुणाकार म्हणजे साध्या गुणाकार-बेरजांची मालिका. कंपायलरने ती मालिका जागोजागी पेरली असती तर ३६,००० वर्ड कुठल्या कुठे संपले असते. शिवाय फोर्ट्रानला वेळेची कल्पनाच नाही. अमुक काम दर दोन सेकंदांनी कर, मध्येच महत्त्वाचं काम आलं तर बाजूला हो, हे त्यात सांगता येत नाही.

लॅनिंग यांचा उपाय असा, की गणिताच्या सूचना आपणच ठरवायच्या, त्या वर्डात दाटीवाटीने बसवायच्या आणि त्या वाचून अमलात आणणारा इंटरप्रिटर मेमरीत एकदाच ठेवायचा. सूचना सात बिटांची, म्हणून एका वर्डात दोन मावतात. एक नमुना घेऊ. यानाची स्थिती आणि वेग हे दोन व्हेक्टर दिलेत, कक्षेच्या प्रतलाला लंब असलेली दिशा हवी. म्हणजे दोघांचा क्रॉस गुणाकार करायचा आणि लांबी एक करायची. या भाषेत ते असं लिहितात:

पहिला वर्ड: ‘व्हीलोड’ आणि ‘व्हीएक्सव्ही’ (व्हेक्टर उचल, क्रॉस गुणाकार कर)
दुसरा वर्ड: स्थितीचा पत्ता
तिसरा वर्ड: वेगाचा पत्ता
चौथा वर्ड: ‘युनिट’ (लांबी एक कर)
पाचवा वर्ड: ‘स्टोअर’ आणि उत्तर ठेवायचा पत्ता

पाच वर्डांत काम संपलं. हेच असेंब्लीत करायचं तर दुहेरी अचूकतेचे सहा गुणाकार, तीन वजाबाक्या, मग वर्गांची बेरीज, वर्गमूळ आणि तीन भागाकार. सबरूटीन वापरली तरी प्रत्येक पायरीला पत्ते भरणं, बँक बदलणं आणि परतीचा पत्ता जपणं आलं. इंटरप्रिटर बँकांची बरीच झंझट परस्पर सांभाळतो, हा आणखी एक फायदा. असेंब्लीतून या भाषेत शिरायचं असलं की ‘टीसी इंटप्रेट’ लिहायचं, परत यायला ‘एक्झिट’. लिस्टिंग वाचताना एकाच पानावर अशा उड्या अनेकदा दिसतात.

किंमत अर्थात वेगाची. प्रत्येक सूचना उलगडून वाचायची म्हणजे वेळ जाणारच. पण लँडिंगचं मार्गदर्शन दर दोन सेकंदांनी एकदा काढायचं होतं, तेवढ्यात ते बसत होतं. याउलट चांद्रयानाचा (अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या भागाचा) डिजिटल ऑटोपायलट दर १०० मिलिसेकंदांनी चालायचा, तो मात्र शुद्ध असेंब्लीत. कामाची निकड पाहून भाषा निवडली. हा निर्णय मला त्या सगळ्या सॉफ्टवेअरमधला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

या भाषेनेही एक गोष्ट प्रोग्रामरवरच सोडली होती: स्केलिंग. मशीनच्या लेखी प्रत्येक संख्या एकपेक्षा लहान अपूर्णांक. खरी किंमत किती, ते लिहिणाऱ्याने डोक्यात आणि कॉमेंटमध्ये ठेवायचं. पृथ्वीजवळ असताना स्थिती २ च्या २९ व्या घातात मीटरमध्ये, चंद्राजवळ २७ व्या घातात. वेग मीटर प्रति सेंटिसेकंद. हो, सेंटिसेकंद! वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागांत, २८ बिटांत मोजायची. म्हणजे घड्याळ साधारण ३१ दिवसांत भरून जाईल, आणि कुठलीच मोहीम तेवढी लांब नव्हती. आत सगळं मेट्रिक, अंतराळवीरांच्या पडद्यावर मात्र फूट आणि नॉटिकल मैल. स्केलिंगचा घोळ म्हणजे काय, हे फिक्स्ड पॉइंटवर काम केलेल्या कुणालाही विचारा. कंपायलर गप्प, सगळं चालतंय, फक्त उत्तर चौपट.

आता अपोलो ११ चे ते प्रसिद्ध अलार्म. २० जुलै १९६९ ला उतरताना १२०२ आणि १२०१ हे आकडे झळकले, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ‘कॉम्प्युटरवर ताण आला’ एवढंच सांगून ती संपवतात. पण त्या आकड्यांत या दोन भाषा लपल्या आहेत. एजीसीचा ‘एक्झिक्युटिव्ह’, हाही लॅनिंग यांच्या डोक्यातून निघालेला, प्रत्येक कामाला १२ वर्डांचा एक ‘कोअर सेट’ देतो. चांद्रयानात असे आठ. काम इंटरप्रिटरच्या भाषेतलं असेल तर त्याला मधली उत्तरं ठेवायला आणखी ४४ वर्डांचा ‘व्हॅक एरिया’ लागतो. असे फक्त पाच. १२०२ म्हणजे कोअर सेट संपले, १२०१ म्हणजे व्हॅक एरिया संपले.

संपले का, तर मुख्य यानाशी पुन्हा भेट घ्यायला असलेल्या रेंदेव्हू रडारच्या वीजपुरवठ्यातल्या फेजच्या गोंधळाने काउंटरवर निरर्थक पल्स येत राहिले आणि मशीनचा सुमारे १५ टक्के वेळ ते मोजण्यातच गेला. दर दोन सेकंदांचं मार्गदर्शनाचं काम पुरं होईना, आणि ते संपायच्या आत पुढचं सुरू करायची वेळ येई. अर्धवट कामं साठली, प्रत्येक आपापला कोअर सेट आणि व्हॅक एरिया धरून बसलं. उतरताना १२०२ चारदा आला आणि १२०१ एकदा. दर वेळी सॉफ्टवेअरने स्वतःला रीस्टार्ट केलं, महत्त्वाची कामं होती तिथून उचलली, बाकीची सोडून दिली. हा रीस्टार्ट आधीच विचार करून ठेवलेला होता. मार्गारेट हॅमिल्टन यांच्या नेतृत्वाखालच्या टीमचं आणि त्या एक्झिक्युटिव्हचं श्रेय इथे आहे. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून जॅक गारमन आणि स्टीव्ह बेल्स यांनी ‘पुढे चला’ म्हटलं, कारण अलार्म सतत न येता थांबून थांबून येत होता.

त्या लँडिंगच्या कोडचे एक लेखक डॉन आइल्स. अपोलो १४ च्या वेळी, फेब्रुवारी १९७१ मध्ये, ‘ॲबॉर्ट’ (उतरणं रद्द करायचं) बटण आतल्या आत आपोआप जोडलं जात होतं. रोप बदलणं शक्य नाही. आइल्स यांनी सुमारे दोन तासांत तोडगा काढला: अंतराळवीरांनी कीबोर्डवरून पुसता येणाऱ्या मेमरीतले मोजके वर्ड बदलायचे, जेणेकरून प्रोग्रामला वाटावं की ॲबॉर्ट आधीच सुरू आहे, बटणाकडे बघायचं कारण नाही. चालत्या यानातल्या प्रोग्रामला असं गंडवता येतं, कारण कुठल्या वर्डात काय आहे हे त्या लोकांना तोंडपाठ होतं. असेंब्लीच्या जवळ राहण्याचा हा फायदा मी फार मोठा मानतो.

अपोलोच्या आधीचं थोडक्यात सांगतो. गागारिन यांच्या व्होस्तोकमध्ये डिजिटल कॉम्प्युटर नव्हता. पृथ्वीवर आपण कुठे आहोत हे दाखवायला ‘ग्लोबस’ नावाचं दातेरी चाकांचं यंत्र होतं. अमेरिकेच्या पहिल्या मानवी यानात, मर्क्युरीतही, कॉम्प्युटर नाही. गणितं जमिनीवरच्या आयबीएम मशीनवर, आणि १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांच्या उड्डाणाआधी नासाच्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांनी ती हाताने पडताळली. त्यानंतरच्या जेमिनी यानांत आयबीएमचा छोटा कॉम्प्युटर आला, ३९ बिटांच्या ४,०९६ वर्डांचा, असेंब्लीत लिहिलेला. जेमिनी ५ ठरल्या जागेच्या शंभर किलोमीटरहून जास्त अलीकडे उतरलं. कॉम्प्युटर बरोबर चालला होता, पण पृथ्वी २४ तासांत ३६०.९८ अंश फिरते, तिथे ३६० घातले होते. अशी चूक कुठलीच भाषा पकडत नाही.

आता स्वल्पविराम. पाठ्यपुस्तकांत सुद्धा शिरलेली ही गोष्ट अशी: मरिनर १ फोर्ट्रानमधल्या एका चिन्हाच्या चुकीने पडलं. इथे दोन वेगळ्या घटनांची खिचडी झाली आहे. फोर्ट्रानमध्ये रिकाम्या जागांना अर्थ नव्हता. म्हणून ‘डू १० आय = १,१०’ हा लूप लिहिताना स्वल्पविरामाऐवजी बिंदू पडला की कंपायलर मुकाट्याने ‘डू१०आय’ नावाचं नवं व्हेरिएबल बनवून त्यात १.१० टाकतो. चूक दाखवत नाही, लूपही फिरत नाही. अशी चूक मर्क्युरीच्या काळातल्या कक्षा काढणाऱ्या एका प्रोग्राममध्ये सापडल्याचं तिथे काम केलेल्यांनी नंतर सांगितलं. तिने कुठलंही यान पडलं नाही.

मरिनर १ चं कारण निराळं. शुक्राकडे निघालेलं हे यान २२ जुलै १९६२ ला उडालं आणि २९३ व्या सेकंदाला ते नष्ट करावं लागलं. ॲटलस रॉकेटच्या रेडिओ यंत्रणेत बिघाड होता, आणि जमिनीवरच्या कॉम्प्युटरला दिलेल्या मार्गदर्शनाच्या समीकरणात एका चिन्हाच्या डोक्यावरची आडवी रेघ उतरवून घेताना सुटली होती. ती रेघ म्हणजे ‘वेगाची सरासरी काढलेली किंमत घ्या’. रेघ गेली, कॉम्प्युटर कच्ची किंमत वापरू लागला आणि साध्या चढउताराला घसरण समजून रॉकेटला उलटसुलट वळवत सुटला. चूक कागदावरच्या गणितातून कोडमध्ये आली.

स्पेस शटलची भाषा मला म्हणूनच विशेष वाटते. तिचं नाव ‘हाल/एस’, बनवणारी कंपनी इंटरमेट्रिक्स, एमआयटीच्या त्याच लॅबमधल्या माणसांनी १९६९ मध्ये काढलेली. हे नाव हाल लॅनिंग यांच्यावरून ठेवलं असं म्हणतात. यात समीकरण तीन ओळींत लिहिता येतं: मधली मुख्य ओळ, वर घातांक, खाली इंडेक्स. ही पद्धत ‘मॅक’कडून आलेली. आणि कंपायलर छापलेल्या लिस्टिंगमध्ये व्हेक्टरच्या डोक्यावर आपणहून रेघ काढतो, मॅट्रिक्सवर तारका. मरिनरच्या रेघेचा अर्थ वेगळा होता, आणि तिच्यामुळेच ही सोय केली असं मी म्हणणार नाही. पण इंजिनिअरच्या कागदावरचं समीकरण आणि लिस्टिंगमधलं समीकरण शेजारी ठेवून ताडता यावं, हा हेतू स्पष्ट दिसतो. शिवाय फोर्ट्रानमध्ये नसलेलं ‘शेड्यूल’, ‘वेट’, प्राधान्य बदलणं, हे सगळं भाषेतच आहे. शटलची ऑपरेटिंग सिस्टिम मात्र असेंब्लीतच राहिली. सोव्हिएत संघाचं शटलसारखं यान बुरान १९८८ मध्ये विनापायलट उतरलं. त्याच्यासाठीही तिथल्या लोकांनी आपल्या खास भाषा बनवल्या, त्यातून पुढे ‘ड्रॅकॉन’ ही आकृत्यांची भाषा निघाली.

आणि हो, दूरच्या ग्रहांकडे गेलेलं व्हॉयेजर ‘फोर्ट्रानवर चालतं’ हेही ऐकाल. फोर्ट्रान जमिनीवरच्या प्रोग्रामांत होतं. यानातले कॉम्प्युटर असेंब्लीतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ अर्थहीन डेटा पाठवू लागलं, तेव्हा मेमरीची एक चिप गेली होती. एप्रिल २०२४ मध्ये तिथला कोड तुकडे करून मेमरीत इतरत्र हलवला, पत्ते जुळवले आणि यान पुन्हा बोलू लागलं. एकेरी निरोपाला साडेबावीस तास.

आता वाचायचं कुठून. ‘व्हर्च्युअल एजीसी’ या मुक्त प्रकल्पाने जुन्या छापील लिस्टिंग्ज टाइप करून ठेवल्यात, सोबत असेंब्लर आणि एम्युलेटरही (आजच्या कॉम्प्युटरवर एजीसीची नक्कल करणारा प्रोग्राम) आहे. अपोलो ११ चे दोन प्रोग्राम: चांद्रयानाचा ‘ल्युमिनरी ०९९’ आणि मुख्य यानाचा ‘कोमांची ०५५’. सगळे ‘बर्न बेबी बर्न’ नावाची फाइल आधी उघडतात, नावाच्या मोहाने. तिथे सुरुवात करू नका, ती असेंब्ली पाठ असलेल्यांसाठी आहे. आधी ‘कॉनिक सबरूटीन्स’ उघडा. ती जवळजवळ पूर्ण इंटरप्रिटरच्या भाषेत आहे आणि कक्षेचं गणित ओळखीचं असेल तर ओळ न् ओळ लागत जाते. मग ‘एक्झिक्युटिव्ह’ आणि ‘वेटलिस्ट’. लँडिंगची समीकरणं त्यानंतर. तिथे एका ओळीशेजारी ‘तात्पुरतं आहे, अशी आशा, आशा, आशा’ अशा अर्थाची कॉमेंट दिसेल. ती ओळ चंद्रावर उतरली. वाचताना बरेचसे आकडे ऑक्टलमध्ये (आठच्या पायावर) आहेत हे विसरू नका, आणि प्रत्येक व्हेरिएबलचं स्केल पेन्सिलने शेजारी लिहीत चला. नाहीतर तिसऱ्या पानावर मीटर आणि सेंटिसेकंद यांचा असा गुंता होईल की मागे जाऊन पुन्हा सगळं वाचावं लागेल.